दोन तोंडांचं पेडल

कार्निव्हलच्या त्या महिन्यात पापांचं पेडल मी पाचव्यांदा उघडलं, तेव्हा त्यात काही बिघडलेलं नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरीही उघडलं. माझे हातच तसे आहेत, चार स्क्रू दिसले की शिवशिवायला लागतात. स्वयंपाकघरातलं अर्धं टेबल माझ्या कामाचं आणि अर्धं जेवणाचं, अशी आमच्यात वाटणी झालेली आहे, पण हद्द रोज बोटभर जेवणाकडे सरकते. आमच्या एल आगुस्तिनोच्या टेकडीवरचे निम्मे गिटारवाले पेडलं घेऊन माझ्याकडे येतात. पायानं दाबायची लोखंडी डबी ती, गिटारची वायर एका बाजूनं आत जाते आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडेपर्यंत आवाजाचं काहीतरी वेगळंच झालेलं असतं. कुणाला तो जाड हवा असतो, कुणाला फाटका, कुणाला शेजारच्या बँडवाल्यासारखाच पण त्याच्याहून जास्त. आतला एखादा कपॅसिटर काढून मी दुसरा लावते, ऐकते, पुन्हा काढते. झालं म्हणून हात झाडून उठणं मला जमत नाही.

"आवाज मेलाय याचा," पापा म्हणाले. "गोधडीखालून वाजल्यासारखा येतोय."

"गेल्या मंगळवारीच तर लहान कपॅसिटर घातला."

"मग अजून लहान घाल."

मोठा काढून लहान घातला की आवाजाचं पोट कमी होतं आणि टोक वाढतं. मी घातला. पापांनी तार छेडली आणि माझ्या दाढेत कळ गेली. पलीकडच्या गच्चीवरून क्लोरिंदाबाई ओरडल्या, "अहो मास्तर, दया करा! कुत्रं पलंगाखाली जाऊन बसलंय!"

पापा हसले. क्लोरिंदाबाईंनी आपल्याला नमस्कार केला असं वाटून त्यांनी हात वर केला. "आता कसं," ते मला म्हणाले, "जरा बरं वाटतंय. पण जराच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला उलगडा झाला. पाववाल्याची तीनचाकी आमच्या दारासमोरून भोंगा वाजवत गेली. भोंगा कसला, डुकराला चिमटा काढल्यासारखी किंकाळी ती, रोज सकाळी अख्खी गल्ली त्यावर उठते. पापा दारातच उभे होते, रस्त्याकडे पाठ करून, बुटाची नाडी बांधत. आत आले आणि म्हणाले, "आज पाववाला आला नाही वाटतं."

मी धावत जाऊन पाव आणले, त्यात आवोकादोचा गर भरून पुढ्यात ठेवले आणि म्हटलं, कालचेच आहेत. ते पहिलं खोटं. नंतर मोजायचं सोडून दिलं.

आता कुणीही म्हणेल, सांगून टाकायचं होतं. म्हातारपणी कान जातात, त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण त्यांना माझे पापा माहीत नाहीत. सोल्डरिंग मला त्यांनीच शिकवलं. जुन्या रेडिओचे भाग काढून त्यांनी स्वतःचं पहिलं पेडल बनवलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तीन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी नुसतं एवढंच म्हटलं की बारीक काम जरा कमी करा. जरा कमी! त्याच संध्याकाळी पापांनी आपलं सोल्डरिंगचं सगळं सामान खोक्यात भरलं आणि बाजारातल्या एका ओळखीच्याला देऊन आले. परत त्या टेबलाला हात लावला नाही, मी काय करते हे बघायलासुद्धा खुर्चीवर बसले नाहीत. त्यांना अर्धं काही ठेवता येत नाही. कानांचं कळलं असतं तर त्याच दिवशी गिटार कुणाच्या तरी दारात गेली असती. आई गेल्यापासून या माणसाला रविवारशिवाय दुसरं काही उरलेलं नाही, आणि रविवार म्हणजे गिटार. मला त्यांची भीती नव्हती वाटत. त्यांच्या सोमवारांची वाटत होती.

शिवाय रिगोबेर्तो टपलेलाच होता. लॉस चिस्पासोस हा आमचा बँड, म्हणजे पापांनी आणि त्यानं मिळून काढलेला, पण आता त्याचा. तो तिंबालेस, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे जोडढोल, बडवतो, माईकवर ओरडून लोकांना नाचवतो आणि कुठल्या रविवारी कोण येणार हे ठरवतो. गेल्या दोन नाचांनंतर त्यानं मला बाजूला घेतलं होतं.

"एदेल, मास्तरांची गिटार फार टोचते हल्ली. बायका पुढे येऊन नाचेनाशा झाल्यात."

"पेडलचं आहे. बघते मी."

"बघ बाई. नाहीतर विल्मरच्या कीबोर्डात गिटारचं बटण आहेच."

ते बटण माझ्या डोक्यात जाऊन बसलं. मी भांडी घासताना बटण, बसमध्ये बटण, दुसऱ्याचं पेडल दुरुस्त करताना बटण. चार दिवस मी एका जागी बसून जेवले नाही. मग बुधवारी ताट बाजूला सारलं आणि पापांचं पेडल पुन्हा उघडलं.

सुचलं ते असं. आवाज आतून बाहेर पडतो तिथं त्याची दोन तोंडं करायची. एका तोंडातून पापांना हवा तसला, दाढ ठणकवणारा आवाज, तो फक्त त्यांच्या पायाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरला. दुसऱ्या तोंडातून पूर्वीचा, त्यांच्या चांगल्या दिवसांतला, तो मोठ्या स्पीकरांना आणि लोकांना. छोटा स्पीकर त्यांच्याकडे तोंड करून, अगदी हळू. त्यांना त्यांचं मिळेल, लोकांना लोकांचं. डबीला एक जादा भोक पाडलं, दोन रेझिस्टर, एक कपॅसिटर, तासाभराचं काम. मी ते सहा वेळा काढून लावलं.

पापा उघडून बघतील ही धास्ती होतीच. डोळे अधू असले तरी भिंग लावून त्यांनी एका मिनिटात ओळखलं असतं. पण आमच्या धंद्यात एक रीत आहे आणि ती मला त्यांनीच लावली. चांगलं पेडल जमलं की भागांवरचे आकडे पात्यानं खरवडायचे आणि वरून डांबर ओतायचं. नाहीतर बाजारात चार दिवसांत तसलीच दहा येतात. मी आकडे खरवडले, डांबर वितळवलं आणि डबी काठोकाठ भरली. गार झाल्यावर पापांनी त्यावरून बोट फिरवलं.

"वा! एकही बुडबुडा नाही. आता बापाला कळायचं नाही आत काय आहे ते."

"तुम्हीच शिकवलंत."

"आणि हे दुसरं भोक कशाला?"

"तुमच्या पायाशी तुमचा स्वतःचा स्पीकर. मोठ्या बँडवाल्यांचा असतो तसा."

ते खूश झाले. मी ताटं मांडायला उठले, कारण मला त्यांच्याकडे बघवेना.

भोकांवर काही लिहायची सोय नव्हती, लिहिलं असतं तर त्यांनी विचारलं असतं. म्हणून पापांच्या भोकाशेजारी मी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. माझी खूण मला कळली की झालं. तीन रविवार मी स्वतः स्टेजवर जाऊन वायरी लावल्या. तीन रविवार पापा मान डोलवत वाजवत होते आणि बायका पुन्हा पुढे येऊन नाचत होत्या. "एदेल, जादू केलीस," रिगोबेर्तो म्हणाला. घरी येताना पापा विचारायचे, "कसं वाजलं?" मी म्हणायची, छान. ते म्हणायचे, "नुसतं छान?" मी म्हणायची, फार छान. मला या सगळ्याचा आनंद व्हायला हवा होता. उलट झोप उडाली. आज वायर निघेल, उद्या डांबर तडकेल, परवा कुणीतरी विचारेल. खोटं एकदाच सांगून भागत नाही, त्याला दर आठवड्याला सोल्डर मारत बसावं लागतं.

चौथ्या रविवारी नाच सांता क्लाराच्या मैदानावर होता, दुपारी. बँडची गाडी बाराला पापांना घ्यायला आली तेव्हा माझ्या टेबलावर एका गिऱ्हाइकाचं पेडल उघडं पडलेलं होतं आणि तो समोर बसून नखं खात होता, त्यालाही दोनला कुठेतरी वाजवायचं होतं.

"तू ये मागून," पापा म्हणाले. "वायरी लावायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"लाल ठिपक्याचं तुमच्या स्पीकरला. लक्षात ठेवा. लाल तुमचं."

"लाल, लाल," ते म्हणाले. ऐकून म्हणाले की माझे ओठ बघून, कोण जाणे.

गिऱ्हाइकाचं काम उरकून मी निघाले तर रस्ता तुंबलेला. कोंबीच्या, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या बसच्या, दारात लोंबकळणारा कंडक्टर "चला, चला, मागे सरका!" म्हणून ओरडत होता आणि गाडी जागची हलत नव्हती. मी बसले, उठले, पुन्हा बसले. शेजारच्या बाईंनी मांडीवरची कोंबडी दुसऱ्या बाजूला घेतली. "मूल आजारी आहे का घरी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बाप." अर्ध्या वाटेत मी उतरले आणि चालायला लागले, मग पळायला.

फाटकाच्या बाहेरूनच मला ते ऐकू आलं. पत्रा कापल्यासारखा आवाज, अख्ख्या मैदानावर, आठ मोठ्या स्पीकरांतून.

आत नाच थांबलेला होता. बायकांनी कानांवर हात दाबले होते, कुणी टोपी कानांवर ओढलेली, एक आजोबा "बंद करा ती शिट्टी!" म्हणून बाटली हलवत होते. नवा साऊंडवाला मशीनची सगळी बटणं फिरवत घामाघूम झाला होता. वायरी त्यानंच लावल्या असणार, आणि त्याचंही चुकलं नव्हतं म्हणा. लाल म्हणजे महत्त्वाचं, मोठ्या स्पीकरांचं, असं कुणालाही वाटेल. आणि स्टेजच्या मधोमध पापा. त्यांच्या पायाशी आता साधा आवाज येत होता, म्हणजे त्यांच्या लेखी गोधडी. त्यांना वाटलं, पेडल पुन्हा मेलं. म्हणून ते वाकून नॉब फिरवत होते, वर, अजून वर, आणि प्रत्येक वेळी पुढचे लोक दोन पावलं मागे सरत होते. रिगोबेर्तो तिंबालेस वाजवता वाजवता त्यांच्याकडे बघून मान हलवत होता. त्याचं तोंड मी लांबूनही वाचलं. पुरे, असं ते म्हणत होतं.

मी स्टेजवर चढले. पापांच्या पायाशी गुडघे टेकले आणि दोन्ही वायरी एकदम उपटल्या. थाड् असा आवाज झाला. वायरींची अदलाबदल केली, घट्ट बसवल्या.

मैदानातले हात कानांवरून खाली आले.

मला वाटलं, सुटले. मग वर बघितलं. पापा माझ्याकडे बघत नव्हते, लोकांकडे बघत होते. त्यांची बोटं चालूच होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग काय काय बदललं ते बघायचं, हे त्यांनीच मला सातव्या वर्षी शिकवलं होतं. मी एकच गोष्ट बदलली होती. त्यांच्या पायाशी आवाज टोकदार झाला, आणि त्याच क्षणी शंभर माणसांनी कानांवरचे हात काढले. त्यांनी लोकांकडे बघितलं, दोन भोकांकडे बघितलं, आणि सरतेशेवटी माझ्याकडे. डांबराचा काही उपयोग झाला नाही.

गाणं त्यांनी पूर्ण केलं. मग रिगोबेर्तोनं मध्यंतर जाहीर केलं.

स्टेजमागे बिअरच्या खोक्यांवर पापा बसले. गिटार मांडीवर घेऊन फडक्यानं पुसायला लागले.

"किती दिवस?"

"काय किती दिवस?"

"एदेल."

"कार्निव्हलपासून," मी म्हटलं. मग ऐकू गेलं नसेल म्हणून मोठ्यानं म्हटलं, "कार्निव्हलपासून, पापा."

"पेडल ठीक होतं?"

"पहिल्यापासून ठीक होतं."

त्यांनी मान डोलावली. गिटार पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि एक खटका बंद केला. मला ती पेटी कुणाच्या दारात जाणार ते दिसायला लागलं. मी म्हटलं, "पापा, घरी जाऊन बोलू." दुसऱ्या खटक्यावर त्यांचा अंगठा होता आणि तो तिथंच राहिला, बराच वेळ.

"रिगो!" त्यांनी हाक मारली.

रिगोबेर्तो तळलेल्या कोंबडीची बशी घेऊन आला. "मास्तर, काय होतं हो ते? लोक फाटकाकडे निघाले होते!"

"माझे कान गेलेत," पापा म्हणाले. "वरचं काही ऐकू येत नाही. ही पोरगी मला फसवत होती, आणि माझ्यासाठी तुम्हा सगळ्यांनाही."

रिगोबेर्तोनं माझ्याकडे बघितलं, मग बशीकडे. त्याला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण तो बँड चालवतो. "मग मास्तर, दुसऱ्या भागात बसा तुम्ही आरामात," तो म्हणाला. "विल्मरच्या कीबोर्डात..."

"बटण आहे!" मी ओरडले. "कळलं बाबा, बटण आहे! मग एवढी वर्षं पापांना कशाला बोलावलंस, बटणाला काय कुलूप लावलं होतं?"

"तू मध्ये बोलू नकोस. तुझ्यामुळे झालंय हे सगळं."

"गप्प बसा दोघंही," पापा म्हणाले. त्यांनी बंद केलेला खटका उघडला. "रिगो, दुसरा भाग वाजवू दे मला. मग तू काय ते ठरव. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"ऐकू येत नाही तर वाजवणार कसं?"

पापांनी हनुवटीनं माझ्याकडे खूण केली. "हिला येतं ना."

स्टेजवर गेल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर छोट्या स्पीकरची वायर काढून टाकली. लाल ठिपक्याचं भोक रिकामं. मला म्हणाले, "जा, लोकांत उभी राहा. टोचलं तर हात खाली कर. बोथट झालं तर वर. आणि छान बिन म्हणायचं नाही."

मी समोर जाऊन उभी राहिले. आयुष्यात एका जागी इतका वेळ कधी उभी राहिले नव्हते. पहिल्या गाण्याला त्यांनी नॉब आठवणीवरच लावला आणि माझ्याकडे बघितलं. जास्त होतं. हात खाली करताना माझा हात जड झाला, लोकांदेखत बापाला चूक म्हणायचं म्हणजे काय. केला खाली. त्यांनी कमी केलं. आता त्यांना स्वतःला काय ऐकू येत असेल, गोधडीसुद्धा नाही, नुसती बोटांखालची तारांची थरथर. पुन्हा बघितलं. मी हात वर केला, केसभर.

खरं सांगायचं तर पूर्वीसारखं वाजलं नाही. वरच्या जागा, जिथं ते तार ओढून लोकांना रडवायचे, त्या त्यांनी सोडून दिल्या. मधल्या तारांवर राहिले, साधं वाजवलं. दोनदा ठेका चुकला, तेव्हा विल्मरनं सांभाळून घेतलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण तिसऱ्या गाण्याला बायका पुढे आल्या. चौथ्याला बाटलीवाले आजोबाही नाचायला लागले. दर गाण्याच्या शेवटी पापा माझ्याकडे बघत होते आणि मी जे होतं तेच सांगत होते. कार्निव्हलपासून पहिल्यांदा माझे हात शांत होते.

शेवटचं गाणं संपता संपता रिगोबेर्तोनं माईक घेतला. पुढच्या रविवारी वितार्तेला नाच, आणि वाजवणार कोण कोण, हे तो इथं सांगतो. गेली एकवीस वर्षं तो सुरुवात एकाच नावानं करायचा, पहिली गिटार, मास्तर फोर्तुनातो वामांकायो. त्या दिवशी त्यानं सुरुवात विल्मरपासून केली. मग बास गिटार, मग कोंगाचे ढोल, मग गाणाऱ्या दोघी. मी मोजत राहिले. मग तो जरा थांबला, पापांकडे बघितलं, आणि सगळ्यांत शेवटी म्हणाला, "आणि सोबतीला, गिटारवर, मास्तर फोर्तुनातो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पापा स्टेजच्या कडेला येऊन माझ्यासमोर वाकले.

"काय म्हणाला? नाव घेतलं का?"

छान, फार छान, हे ओठांवर आलंच होतं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"घेतलं. शेवटी घेतलं."

"विल्मरच्या नंतर?"

"गाणाऱ्या पोरींच्याही नंतर. आणि पहिली गिटार म्हणाला नाही. सोबतीला म्हणाला."

त्यांनी मागे वळून रिगोबेर्तोकडे बघितलं. तो मुद्दाम तिंबालेस आवरत बसला होता. पापांच्या जबड्याची शीर उडाली. गिटारचा पट्टा त्यांनी खांद्यावरून काढला, हातात धरला आणि पुन्हा खांद्यावर घातला.

"वितार्तेला किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं.

"दोन वाजता," मी मोठ्यानं म्हटलं.